पाठमोरा नंबर

१

गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, हा अण्णांचा नेम. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, बायको जाऊन किती वर्षं झाली हे दर वेळी नव्यानं सांगावं लागे, पण फेरी कधी चुकली नाही. चारही चाकांना बुटाचं टोक लावायचं, आरशावरून रुमाल फिरवायचा, मागचे दिवे बघायचे आणि मगच दार उघडायचं.

तोवर त्यांची मुलगी किल्ल्या वाजवत उभी असे. लहानपणी ती एका जागी बसत नसे, पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरे, म्हणून अण्णांनी तिला भिंगरीच म्हणायला सुरुवात केली. पुढे ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायच्या कामाला लागली तेव्हा, "बघ, भिंगांचाच धंदा मिळाला, नाव फुकट गेलं नाही," म्हणून अण्णा दिवसभर स्वतःच्या विनोदावर खूश होते.

"अण्णा, उशीर होतोय."

"उशीर तर रोजच होतो तुला. टायर काही रोज बसत नाही."

त्या सकाळी मात्र अण्णा गाडीच्या मागे गेले आणि तिथेच थांबले.

"भिंगरी," ते म्हणाले, "हिला पाठ नाही."

ती वैतागून मागे गेली. नंबरप्लेट नव्हती. ती होती तिथे एक लांबट, स्वच्छ चौकोन उरला होता, भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरतो तसा. खालच्या बंपरवर दोन स्क्रू शेजारी शेजारी उभे करून ठेवले होते, आपापल्या वायसरांवर.

"चोर असता तर त्यानं स्क्रू फेकून दिले असते," अण्णा कौतुकानं म्हणाले. "हे कुणीतरी हात बसलेल्या माणसानं केलंय."

समोरची प्लेट जागच्या जागी होती.

२

चौकीतल्या हवालदाराला यात नवल वाटलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा, कारण तो तक्रारीचा कागद हात लांब करून वाचत होता. एरवी भिंगरीनं त्याला तिथल्या तिथे टोकलं असतं.

"अशीच गाडी बघून ठेवतात मॅडम. रंग तोच, बनावट तीच. तुमची प्लेट तिला लावतात आणि नको ते उद्योग करतात. सिग्नल तोडतात, पंपावर पेट्रोल भरून पळतात. मग तुम्ही दारात उभ्या राहता, 'मी नव्हतेच' म्हणत."

"पण मागचीच का नेली?"

"घाई असेल."

"स्क्रू नीट ठेवले होते. खाली वायसर घालून."

हवालदारानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग घाई नसेल," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

नवी प्लेट मिळायला वेळ लागणार होता. तोवर तक्रारीची पोच गाडीत ठेवायची, असं ठरलं. नवरा कॉलेजात गणित शिकवायचा. रात्री जेवताना तो म्हणाला, "शहरात तुझ्या गाडीसारख्या पांढऱ्या गाड्या किती असतील विचार कर. त्यातली एक चोराच्या हाती लागली, एवढंच. सोड आता."

तिनं सोडलं. निदान तसं ठरवलं तरी.

३

दुकानाच्या मागे नजर तपासायची एक छोटी खोली होती. दार लावलं की अंधार, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता, शेजारी भिंगांची पेटी. त्या खोलीत भिंगरी शांत असे. एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं, विचारायचं, "हे स्पष्ट की हे?" माणसं अगदी बारीक फरकालाही उत्तर देतात, याची तिला अजूनही गंमत वाटे.

एका दुपारी ती अशीच एका आजीबाईंच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत होती, तेव्हा दुकानाच्या मालकांनी दार किलकिलं केलं.

"अगं, तू आत आहेस? मग गाडी कोण घेऊन गेलं?"

"कुठली गाडी?"

"तुझी. आत्ता समोरून गेली. मागच्या काचेत ती अण्णांची पोपटी उशी दिसली ना. नंबरही वाचला मी."

"मागून वाचलात?"

"मग काय? जाणारी गाडी मागूनच दिसते."

आजीबाईंना तसंच बसवून ती मागच्या आवारात धावली. गाडी तिथेच होती. भिंतीला लागून, तिनं सकाळी लावली तशीच. बॉनेटवर हात ठेवला. गार. मागच्या काचेत पोपटी उशी होती.

पोपटी उशा दुकानात ढिगानं मिळतात, तिनं स्वतःला समजावलं. मालकांचं वय झालंय. नंबर वाचला म्हणजे शेवटचे दोन आकडे वाचले असतील, बाकीचे मनानं भरले असतील. तक्त्यावरची खालची ओळ लोक अशीच वाचतात, ती रोज बघत होती.

खोलीत परतल्यावर आजीबाई म्हणाल्या, "पहिलंच बरं होतं गं." कुठलं पहिलं, ते तिला आठवेना.

४

अण्णांना ती दिवसभर ज्येष्ठांच्या केंद्रात सोडायची. जुन्या शाळेची बैठी इमारत, पुढे आवार, फाटकावर मामा. मामा प्रत्येक गाडीचा नंबर वाचून आत हाक द्यायचे आणि ज्याचं त्याचं म्हातारं माणूस बाहेर आणून पोचवायचे.

त्या संध्याकाळी फाटकाशी ती थांबली तर मामा गोंधळले.

"ताई, काही राहिलं का?"

"काय राहायचंय? अण्णांना न्यायला आले."

"परत? दुपारी नेऊन आणलंत ना फिरवून. मघाशीच सोडून गेलात."

तिनं इंजिन बंद केलं. "मामा, तुम्ही मला पाहिलंत?"

मामांनी डोकं खाजवलं. "तुम्हाला म्हणजे... गाडी पाठ करून उभी होती. हॉर्न दिलात नेहमीसारखा, दोनदा. नंबर वाचला, अण्णांना हाक दिली. ते आपले आपण चालत गेले आणि पुढे बसले. मी काय समोर येऊन बघणार ताई, इथे रांग लागलेली असते."

केंद्राच्या बाई धावत आल्या, घाबरल्या, चार वेळा माफी मागितली. यापुढे चेहरा बघितल्याशिवाय अण्णांना फाटकाबाहेर सोडायचं नाही, असं त्यांनी मामांना तिच्यासमोर बजावलं.

अण्णा दालनात खिडकीशी बसले होते. त्यांचे विरळ केस वाऱ्यानं विस्कटले होते, गालांवर रंग होता. इतके ताजे ती त्यांना कित्येक महिन्यांनी पाहत होती.

"कुठे गेला होतात अण्णा?"

"तुझ्याबरोबर. विसरलीस?" ते हसले. "आज छान चालवलीस हो. एकदाही क्लच घासला नाहीस. आणि किती बोललीस! एरवी तुला घाई."

"मी काय बोलले?"

अण्णा विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं धुकं येईल म्हणून ती थांबली. ते आलं नाही. अण्णा नुसते, सांगावं की नाही अशा नजरेनं तिच्याकडे बघत राहिले.

"ते आपल्या दोघांतलं आहे ना," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर ते गाडीभोवती फिरले नाहीत. मागे जाऊन त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. मग भिंगरीला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ही आपली गाडी नव्हे. हिला नंबर नाही."

५

"त्यांच्या डोक्याचं तुला माहीत आहे," नवरा म्हणाला. "आणि मामा दिवसभरात शंभर नंबर वाचतो."

"आणि केस? गाल?"

"खिडकीशी बसले होते म्हणतेस ना?"

त्याचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. भिंगरीला झोप लागत नव्हती ती नव्हतीच. कूस बदलायची, उठायची, गॅलरीत जाऊन खाली गाडी आहे ना ते बघायची. दिवसा कामात लक्ष लागेना. एकाला चुकीचा नंबर लिहून दिला, तो चक्कर येते म्हणत परत आला.

शेवटी तिनं दुपारची सुट्टी टाकली आणि केंद्रासमोरच्या झाडाखाली गाडी लावून बसली. ऊन होतं. रस्ता सुस्त होता. तिनं काच खाली केली, वर केली. रेडिओ लावला, बंद केला. एवढ्यात पुढच्या कोपऱ्यावरून एक पांढरी गाडी आडवी गेली आणि वळताना तिची पाठ दिसली.

पोपटी उशी. डाव्या दिव्याखालचा पोचा, जो गेल्या वर्षी खांबाला लागून झाला होता. आणि नंबर. तिचा नंबर, सगळाच्या सगळा, एकही आकडा मनानं भरावा न लागता.

तिनं गाडी काढली. पुढची गाडी पळत नव्हती. प्रत्येक वळणाला आधी दिवा लावत होती, पायी जाणाऱ्यांसाठी थांबत होती. रस्ता भिंगरीचाच होता, केंद्राकडून घराकडे जाणारा. ती जवळ जवळ जात राहिली. मागच्या काचेतून चालवणाऱ्या बाईचं डोकं दिसलं, मानेवर क्लिप लावून केस वर घेतलेले. भिंगरीचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. शेजारच्या जागेवर कुणी म्हातारं माणूस होतं. ते मान वळवून त्या बाईशी बोलत होतं.

एका हातानं तिनं केंद्राला फोन लावला. "अण्णा कुठे आहेत?"

"इथेच आहेत की," केंद्राच्या बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर पत्ते खेळतायत. देऊ का?"

खरखर झाली. मग अण्णांचा आवाज आला, शिकवताना असायचा तसा कणखर.

"गाडी चालवताना फोन नाही. किती वेळा सांगितलं? पुढे बघ."

तिनं पुढे बघितलं. सिग्नल लाल झाला होता आणि ती पांढरी गाडी पलीकडे निघून गेली होती.

६

ती दुकानात आली. गाडी मागच्या आवारात लावली, तोंडावर पाणी मारलं, मालकांनी दिलेला चहा प्याली. अण्णांना आणायला परत बाहेर आली तेव्हा आवारात कुणी नव्हतं. बॉनेटवर दोन स्क्रू उभे होते, शेजारी शेजारी. समोरची प्लेट गेली होती.

तिनं स्क्रू उचलले. उन्हात धातू तापतोच, पण हे तसे नव्हते. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यासारखे ते उबदार होते.

एकच गोष्ट तिच्या मनात फिरत राहिली. आजवर ती दुसरी गाडी सगळ्यांना पाठमोरीच दिसली होती. मालकांना, मामांना, तिला. आता त्या गाडीला समोरून यायला हरकत नव्हती.

हवालदारानं सांगितलं, आता जुना नंबर रद्दच करू, नवा घ्या, डोक्याला ताप नको. तोवर गाडी जागची हलवू नका. त्या दिवसापासून तिनं अण्णांना घरीच ठेवलं. स्वतःही रजा टाकली.

अण्णा घरात रमेनात. नाश्ता झाला की बूट घालून गॅलरीतल्या खुर्चीत बसत. बूट काढले तर पुन्हा घालत.

"कुणाची वाट बघता अण्णा?"

"येईल ती."

"कोण ती? मी इथेच आहे ना?"

"हो हो," ते समजूत घातल्यासारखं म्हणत. "तू आहेस. बस तू."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला बस म्हटलं होतं आणि नाव घेतलं नव्हतं.

७

नवरा कॉलेजात गेला होता. भिंगरीनं दाराला आतून कडी घातली, वर कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. अण्णांचा एक सदरा इस्त्री करायला घेतला. अंगात त्यांनी दुसरा घातला होता, निळ्या बारीक चौकड्यांचा.

खाली हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. दुसऱ्या वेळेला थोडा बसलेला.

तिच्या गाडीचा हॉर्न असाच बसत असे. दुरुस्त करायचा राहिलाच होता.

अण्णा उभे राहिले. ती इस्त्री टाकून धावली आणि त्यांचा दंड धरला. "बसा. बसा म्हणते ना!"

"अगं, हॉर्न दिला तिनं."

त्यांना तसंच धरून तिनं गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. तिची गाडी आपल्या जागेवर होती, पुढून मागून कोरी. आणि इमारतीच्या फाटकात, तोंड इकडे करून, दुसरी गाडी उभी होती. प्लेट लावलेली. समोरच्या काचेवर ऊन असं काही पडलं होतं की आत नुसता पांढरा तुकडा चमकत होता. भिंगरीनं डोळ्यांवर हात धरला, मान तिरकी केली. लांबचं तिला लख्ख दिसे, चष्मा कधी लागला नव्हता.

"जाऊ दे मला," अण्णा म्हणाले.

"नाही."

"पोरी, जाऊ दे."

"नाही अण्णा, नाही!" तिनं दोन्ही हातांनी त्यांना आवळून धरलं. त्यांचं हलकं अंग एकदा ओढ घेऊन सैल पडलं. नुसतं सैल. कुणी पिशवीतलं सामान काढून घ्यावं आणि पिशवी आपल्या हातात राहावी तसं.

खाली ती गाडी मागे सरकली. वळताना एका क्षणापुरतं काचेवरचं ऊन सरकलं. चालवणारीचा चेहरा छपराच्या सावलीत राहिला, पण शेजारची खिडकी उघडी होती, आणि तिच्यातून एक म्हातारा हात बाहेर आला. निळ्या बारीक चौकड्यांची बाही. तो हात मागून कुणी येत नाही ना हे बघून, शिकवल्यासारखा, वळायची खूण करत होता.

इस्त्रीखाली सदरा जळल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली. मिठीतला माणूस अवघडून उभा होता.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "जरा हात सोडता का? दुखतोय."

८

नव्या नंबराच्या दोन्ही प्लेटा आल्या. नवऱ्यानं स्वतः बसवल्या, स्क्रू पक्के आवळले. "आता घे," तो म्हणाला. "तो जुना नंबर आता कुणाचाच नाही." भिंगरीला वाटलं, कुणाचा तरी झाला आहे, पुरता झाला आहे.

डॉक्टरांनी तपासलं. या दुखण्यात अशी पायरी येते, म्हणाले. माणूस एकदम खाली उतरतो, घरचे घाबरतात. त्यांचं बोलणंही बरोबरच होतं. अण्णा शांत झाले होते. दिलं ते खात, सांगितलं तिथे बसत. घरातल्या प्रत्येकाला अहोजाहो करत. कधी कधी भिंगरी कामात असताना तिच्याकडे कौतुकानं बघून विचारत, "तुम्ही इथे कामाला असता का? फार करता हो माझं."

तिनं त्यांना पुन्हा केंद्रात सोडायला सुरुवात केली. आता ती त्यांना मागच्या जागेवर बसवी, कारण पुढे बसले की ते दाराशी चाळा करत. मागची दारं आतून उघडत नाहीत असा खटका तिनं लावून ठेवला होता.

एका संध्याकाळी घरी येताना मागून आवाज आला.

"बाई, मला घरी सोडाल का? माझी मुलगी वाट बघत असेल."

"सोडते हं. घर कुठे आहे तुमचं?"

"सरळ घ्या."

रस्ता सरळच जात होता.

"आता डावीकडे."

घर उजवीकडे होतं. तिनं डावा दिवा का लावला, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं, एक चक्कर मारून परत फिरावं, एवढंच डोक्यात असेल. पुढे उजवीकडे, मग एका लांबलचक भिंतीच्या कडेनं, मग पुन्हा डावीकडे. ते जराही न अडखळता सांगत होते. ती या शहरात लहानाची मोठी झाली होती, पण ही गल्ली तिनं पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना बैठी घरं, संध्याकाळचं ऊन, कुठे कपडे वाळत घातलेले. सगळं साधं.

"हळू घ्या. हेच. हेच घर."

दारात पांढरी गाडी उभी होती. भिंगरीनं तिचा नंबर वाचला नाही. वाचायची गरज पडली नाही.

घराचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर एक बाई रस्त्याकडे पाठ करून उभी राहून आत कुणाशी तरी बोलत होती. मानेवर क्लिप लावून केस वर घेतलेले. ती काहीतरी म्हणाली, आणि आतून कुणीतरी हसलं. आधी घशात अडलेलं, मग एकदम मोकळं सुटलेलं, शेवटी खोकल्यात गेलेलं हसू. जगात तसं एकच माणूस हसायचं.

भिंगरीनं आरशात पाहिलं. मागच्या जागेवर अण्णा ओठ मिटून बसले होते, हात दाराच्या मुठीवर.

"उघडा ना," ते म्हणाले. "उघडत नाहीये."

उंबऱ्यावरच्या बाईला गाडीचा आवाज गेला असावा. तिचं बोलणं थांबलं. खांदा हलला, मान वळू लागली.

भिंगरीनं पाय दाबला. क्लच कर्रकन घासला, गाडी उडी मारल्यासारखी पुढे गेली. गल्ली संपली, मग ती भिंत, मग रस्ता, माणसं, दिवे. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं होतं आणि ती एकदाही आरशात बघत नव्हती.

मग अण्णा बोलले, जरा नाराजीनं, पण अदब न सोडता.

"तिनं हात केला हो तुम्हाला. ओळख असल्यासारखा." ते थांबले. "तुम्ही नाही केलात."